उपग्रहांच्या चकाक्या: खान्देशातून कधी, कुठे आणि कशा पकडायच्या

गिरणाथडी (धागाकर्ता) · २१ फेब्रुवारी, रात्री ९:१०

मार्चचा दुसरा आठवडा जवळ आलाय, म्हणून धागा आत्ताच काढतोय. भूस्थिर (आकाशात कायम एकाच जागी दिसणाऱ्या) उपग्रहांच्या चकाक्यांचा हंगाम वर्षातून दोनदाच येतो, आणि ऑक्टोबरचा बऱ्याचदा परतीच्या ढगांत जातो. मार्च आपला असतो.

इरिडियम (उपग्रह-फोनचे जुने उपग्रह) गेले तेव्हापासून अनेकांनी हा नादच सोडला. इरिडियमचं वेळापत्रक सेकंदापर्यंत मिळायचं: अमुक वाजून अमुक मिनिटांनी, अमुक दिशेला, उणे ८ प्रतीपर्यंत (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका कमी तितकं तेज जास्त). अंगणात उभं राहायचं आणि वर बघायचं. त्या सोयीमुळे चकाकी का होते हे समजून घ्यायची गरजच पडली नाही. आता तयार वेळापत्रक फार थोड्या उपग्रहांचं मिळतं, पण चकाक्या मात्र तेव्हापेक्षा जास्त आहेत. फक्त शोधायची रीत उलटी झाली आहे. आधी सूर्य क्षितिजाखाली कुठे आणि किती खोल आहे ते काढायचं, मग त्यावरून आकाशाचा तुकडा ठरवायचा. उपग्रहाचं नाव सगळ्यात शेवटी.

चकाकी म्हणजे साधा आरसा. उपग्रहाचं अंग एरवी प्रकाश सगळीकडे थोडा थोडा विखुरतं, म्हणून तो मंद ठिपका दिसतो. त्यावरचा एखादा सपाट, गुळगुळीत भाग (सौर पंख, अँटेना, बुडाचा पत्रा) सूर्य आणि आपण यांच्या बरोबर मधल्या कोनात आला की काही क्षण सूर्याचाच कवडसा आपल्या गावावर पडतो. सूर्याची तबकडी अर्ध्या अंशाची, म्हणून कवडसाही अरुंद. आरसा जितका सपाट तितकी चकाकी लखलखीत आणि क्षणिक. पत्रा थोडा वाकलेला असेल तर चकाकी मंद पण लांबते.

दुसरी अट म्हणजे उपग्रह पृथ्वीच्या सावलीबाहेर हवा. डोक्यावरच्या उपग्रहासाठी ढोबळ आकडे असे: सूर्य १८ अंश खाली असेल तर सावली सुमारे ३३० किमी उंचीपर्यंत चढलेली असते, २३ अंशांना ५५० किमी आणि २७ अंशांना ७८० किमी. आपल्या २१ अक्षांशावर सूर्यास्तानंतर साधारण १ तास ४० मिनिटांनी सूर्य २३ अंश खाली जातो. त्यानंतर डोक्यावर ५५० किमीचा उपग्रह दिसणं बंद. पण सूर्य ज्या बाजूला गेला त्या बाजूच्या क्षितिजाजवळ तोच उपग्रह अजून उन्हात असतो. हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढे स्टारलिंकला (इंटरनेट पुरवणाऱ्या उपग्रहांना) उपयोगी पडेल.

सध्या आपल्याकडून पाहण्यासारखे प्रकार:

भूस्थिर उपग्रह: मार्च आणि ऑक्टोबर, मध्यरात्रीच्या आसपास, दक्षिणेला उंचावर.
स्टारलिंक: सूर्य ३५ ते ४५ अंश खाली असताना, सूर्याच्याच दिशेला, क्षितिजालगत.
गडगडणारे (ताबा सुटून कोलांट्या खाणारे) जुने उपग्रह आणि रॉकेटचे टप्पे: ठरावीक अंतराने लुकलुक, वर्षभर.
मेटऑप, कॉस्मो-स्कायमेडसारखे मोठ्या सपाट अँटेनाचे उपग्रह: संधिप्रकाशाच्या दोन तासांत.

पहिल्या दोहोंवर मी सविस्तर लिहितो. बाकीचं जाणकारांनी भरावं.

---

नवखा_नंदुरबार · २१ फेब्रुवारी, रात्री १०:०२

सर, एक प्राथमिक शंका. इरिडियम पूर्ण गेले की अजून काही वर आहेत? मोबाईलवरच्या एका ॲपमध्ये अजूनही इरिडियम नावाच्या ओळी दिसतात.

---

पांझराकाठ · २१ फेब्रुवारी, रात्री १०:४१

नावं दिसतात ती दोन वेगळ्या गोष्टींची.

पहिली पिढी १९९७ पासून सोडली. प्रत्येकाला तीन मुख्य अँटेना, सुमारे १८८ × ८६ सेंमी, म्हणजे घराच्या दाराएवढ्या, चंदेरी मुलाम्याच्या, उपग्रहाच्या उभ्या अक्षाशी ४० अंशांनी झुकलेल्या आणि एकमेकींपासून १२० अंशांवर. उपग्रहाची बैठक कायम स्थिर ठेवलेली असायची, म्हणून आरशाचा कोन आधीच माहीत. अचूक वेळापत्रकाचं गमक तेवढंच होतं. कवडशाचा मधला झगझगीत पट्टा जमिनीवर जेमतेम १० किमी रुंदीचा. जळगावला उणे ७ असेल तर २५ किमीवरच्या भुसावळला तीच चकाकी सामान्य ताऱ्याएवढी.

जानेवारी २०१७ ते जानेवारी २०१९ या काळात नव्या पिढीचे ७५ उपग्रह गेले. त्यांची अँटेना थेट पृथ्वीकडे तोंड करून बसवलेली आहे, तशी झुकलेली दारं नाहीत, त्यामुळे जुनी चकाकी नाही. जुने बहुतेक खाली आणून जाळले. जे बंद पडून वर राहिले ते आता ताबा सुटल्यासारखे फिरतात. त्यांच्या दाराचा कवडसा अजूनही कधीतरी पडतो, पण कधी पडेल हे गणितात बसत नाही. ॲपमध्ये जुन्या इरिडियमचा मार्ग दिसला तर तो पाहायला हरकत नाही, फक्त ठरलेल्या सेकंदाची अपेक्षा ठेवू नये.

---

गिरणाथडी · २२ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

आता भूस्थिर.

हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर, सुमारे ३५,८०० किमी उंचीवर. २१ उत्तर अक्षांशावरून पाहिलं तर त्यांची रांग खगोलीय विषुववृत्तावर न दिसता सुमारे ३.६ अंश दक्षिणेला सरकलेली दिसते. त्यांचे सौर पंख उत्तर-दक्षिण अक्षाभोवती फिरत सूर्याकडे तोंड ठेवतात, त्यामुळे सूर्य विषुववृत्ताच्या जितका दक्षिणेला, तितकाच कवडसा उत्तरेला फेकला जातो. म्हणजे आपल्यावर कवडसा पडायला सूर्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंशांतलं अंतर, उणे म्हणजे दक्षिणेला) उणे ३.६ च्या आसपास हवी. ती येते ११-१२ मार्चला आणि २ ऑक्टोबरला. पंख अगदी सपाट नसतात, म्हणून अलीकडे-पलीकडे काही दिवस धरून ८ ते १५ मार्च आणि २९ सप्टेंबर ते ६ ऑक्टोबर. परदेशी संकेतस्थळांवर मार्चचा पहिला आठवडा सापडेल, तो ४० अक्षांशाकडच्यांसाठी आहे. आपल्याला लागू नाही.

पंख नेमका सूर्यासमोर असेल तर कवडसा सूर्याच्या बाजूलाच परत जाणार, आणि त्या रेषेत आपण तेव्हाच असतो जेव्हा उपग्रह पृथ्वीच्या सावलीत असतो. म्हणून चकाकी दिसते ती सावलीत शिरायच्या थोडं आधी किंवा बाहेर पडल्यावर थोड्या वेळात, पंख दोन-चार अंशांनी तिरका ठेवलेला असेल त्यानुसार. ११ मार्चच्या सुमारास जळगावसाठी अंदाजे वेळा (एकूण ग्रहण तासाभराचं):

९३.५ पूर्व रेखांशावरचे: रात्री १०:५५ ला सावलीत, ११:५५ ला बाहेर. आकाशात आग्नेयेला, ५८ अंश उंच.
८३ पूर्व: ११:३५ ला आत, १२:४० ला बाहेर. दक्षिणेच्या किंचित पूर्वेला, ६४ अंश.
७४ पूर्व: १२:१५ ला आत, १:१५ ला बाहेर. जवळजवळ बरोबर दक्षिणेला, ६५ अंश.

या तिन्ही जागांवर भारताचे इन्सॅट आणि जीसॅट मालिकेतले उपग्रह आहेत. आत जाण्याआधीची २० मिनिटं आणि बाहेर आल्यानंतरची २० मिनिटं सोडू नका. ऑक्टोबरात याच वेळा साधारण २० मिनिटं अलीकडे येतात.

एक सोय अशी की कुठलाही भूस्थिर उपग्रह सावलीपाशी येतो तो तारकांच्या एकाच भागात. आपण बघतो तेव्हा तारे पश्चिमेकडे सरकत असतात आणि उपग्रह जागेवर, म्हणून एकामागून एक सगळे त्याच तारकाभागातून जातात. मार्चमध्ये आधीची चकाकी मघा आणि उत्तरा फाल्गुनी यांच्या मधल्या भागाच्या खाली, नंतरची उत्तरा फाल्गुनीच्या सरळ खाली. दोन्ही वेळा उत्तरा फाल्गुनीच्या पातळीपासून दक्षिणेकडे १८ अंश, म्हणजे हात ताणून धरलेल्या दोन मुठींना थोडं कमी. बायनॉक्युलर त्या तारकांवर धरा आणि त्यांच्यासोबत हळूहळू पश्चिमेकडे सरकवत राहा. जो ठिपका ताऱ्यांच्या तुलनेत पूर्वेकडे सरकतोय तो आपला.

ऑक्टोबरात हाच खेळ उत्तरा भाद्रपदाच्या खाली, तितक्याच अंतरावर.

---

सातपुडा_पायथा · २२ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

किती तेजस्वी होतात? ७×५० चालेल का, की १०×५० हवा?

---

गिरणाथडी · २२ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

दोन्ही चालतात. एरवी हे उपग्रह दहाव्या-बाराव्या प्रतीचे, बायनॉक्युलरमध्ये दिसतच नाहीत. चकाकीत पाचव्या-सहाव्या प्रतीपर्यंत चढतात, क्वचित नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. चढ-उताराला मिनिटं लागतात, इरिडियमसारखी सेकंदं नव्हे. ६५ अंशांवर हात धरून मान दुखते, म्हणून आरामखुर्ची किंवा बाज. बाजेवर उताणं पडून कोपर छातीला टेकवले की १०×५० सुद्धा स्थिर राहतो. मानेखाली घडी केलेली गोधडी घ्या.

---

लळिंग_लेन्स · २२ फेब्रुवारी, दुपारी १:२०

भूस्थिरसाठी कॅमेरा डोळ्यापेक्षा सरस. आणि इथे ताऱ्यांचा माग घेणारं माउंट नसणं हाच फायदा. साध्या ट्रायपॉडवर तारे रेघा होतात आणि भूस्थिर उपग्रह ठिपकाच राहतो. फोटोत ठिपका कोणता ते शोधायला संगणकही लागत नाही.

८५ मिमी लेन्स, एफ/२, आयएसओ १६००, ३० सेकंद. पाच मायक्रॉनच्या पिक्सेलचा कॅमेरा असेल तर एका पिक्सेलला सुमारे १२ विकला पडतात (अंशाच्या ६० कला, कलेच्या ६० विकला). ३० सेकंदांत तारा साडेसात कला सरकतो, म्हणजे साधारण ३७ पिक्सेलची रेघ. ठिपका आणि रेघ यात गोंधळ होऊच शकत नाही. ट्रायपॉडची मधली दांडी खाली, त्याला पाण्याची भरलेली बाटली टांगायची, आणि रिमोट किंवा इंटरव्हॅलोमीटर लावून दोन तास सलग. फोटो एकावर एक रचताना 'लाईटन' (प्रत्येक जागचा सर्वात उजळ पिक्सेल ठेवणारा) पर्याय वापरा, सरासरी नको. सरासरीत चार मिनिटांची चकाकी दोनशे चाळीस फोटोंत विरून जाते.

फोकस हा सगळ्यांचा घात करतो. अंतहीनच्या खुणेवर विश्वास नको. लाइव्ह व्ह्यू दहापट करून मघावर फोकस करा, कडी चिकटपट्टीने बांधून टाका, तासाभराने पुन्हा तपासा. मार्चमध्ये रात्री तापमान झपाट्याने उतरतं आणि फोकस सरकतो. ऑटोफोकस आणि लेन्समधलं स्थिरीकरण दोन्ही बंद. ट्रायपॉडवर स्थिरीकरण सुरू राहिलं तर ठिपकाच थरथरतो.

---

अमळनेर_आभाळ · २२ फेब्रुवारी, रात्री ८:५०

दादा, अठे उन्हायामा आभाय कोरं ऱ्हास, पन धूय गैरी. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चात शेतांतून कपाशीच्या पराट्या पेटवतात, तो धूर संध्याकाळी खाली बसतो. उंचावरच्या भूस्थिरला त्याचा फारसा त्रास नाही, पण क्षितिजालगतच्या स्टारलिंकचं काय? पाच-दहा अंशांवर तर अर्धे तारेच दिसत नाहीत.

---

गिरणाथडी · २२ फेब्रुवारी, रात्री १०:१५

अमळनेरभाऊंनी अगदी नेमकी अडचण सांगितली. स्वच्छ हवेतही १० अंशांवर प्रकाश डोक्यावरच्या साडेपाचपट हवेतून येतो, ५ अंशांवर दहापट. म्हणजे १० अंशांवर एक प्रत सहज कमी होते, धुराळ असेल तर तीन-चार. त्यामुळे स्टारलिंकसाठी जागा आधी निवडायची, तारीख नंतर.

तरी निराश होण्याचं कारण नाही. स्टारलिंकच्या चकाक्या शून्य प्रतीच्या, कधी त्याहून तेजस्वी. दोन-तीन प्रती गेल्या तरी उरतात.

त्या का होतात ते पाहा. स्टारलिंकचं सपाट बूड जमिनीकडे तोंड करून असतं, म्हणजे आरसा पालथा. सूर्य क्षितिजाच्या बराच खाली असताना त्याचे किरण पृथ्वीच्या कडेला घासून उपग्रहाच्या बुडावर अगदी तिरके पडतात आणि तितक्याच तिरकेपणे पुढे आपल्याकडे येतात. इतक्या तिरप्या कोनात ओबडधोबड पत्राही आरशासारखा वागतो. उन्हात चमकणाऱ्या डांबरी रस्त्यासारखं: जवळून काळा, लांबून पाण्यासारखा. म्हणून चकाकी फक्त सूर्याच्या दिशेला आणि क्षितिजाजवळच. ५५० किमी उंचीसाठी गणित केलं तर सूर्य ३५ ते ४५ अंश खाली असावा लागतो आणि चकाक्या साधारण ५ ते १५ अंशांच्या पट्ट्यात पडतात.

आपल्या भागासाठी काढलेल्या वेळा (दिगंश म्हणजे उत्तरेपासून पूर्वेकडून मोजलेला दिशेचा कोन):

डिसेंबरच्या मध्यात: रात्री ८:२५ ते ९:१०, पश्चिमेच्या किंचित दक्षिणेला (दिगंश २५५).
मार्चच्या मध्यात: रात्री ९ ते ९:४५, पश्चिमेच्या किंचित उत्तरेला (दिगंश २८५).
२० मेच्या सुमारास: रात्री ९:५५ ते ११:०५, वायव्येला (सुरुवातीला ३१६, शेवटी ३३४).

पहाटे याच्या उलट, पूर्वेच्या बाजूला. मेमध्ये रात्री १:४० ते २:५५, ईशान्येला.

मे सर्वात चांगला, दोन कारणांनी. सूर्य उत्तर क्षितिजाखालून तिरका सरकत असतो, म्हणून बघण्याची खिडकी ४५ मिनिटांऐवजी ७० मिनिटांची होते. आणि विषुववृत्ताशी ५३ अंश कललेल्या कक्षांमध्ये उपग्रह उत्तरेकडे जास्त दाटलेले असतात, त्या बाजूला बघितलं तर संख्या थोडी जास्त मिळते. जूनमध्ये खिडकी आणखी लांब, पण मृग लागला की आपल्या हाती काही नाही.

---

बांधावरून · २३ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

वरच्या पोस्टमध्ये एक दुरुस्ती हवी. अगदी सपाट आणि अगदी खाली तोंड केलेला आरसा धरला तर गणित फक्त शून्य अंशावर, म्हणजे नेमक्या क्षितिजावरच जुळतं. थोडं जरी वर आलो की किरण यायची वाट पृथ्वीनेच अडवलेली असते. १० अंशांवर चकाकी दिसते याचा अर्थ बूड पूर्ण आरसा नाही: प्रकाश त्या दिशेच्या आजूबाजूला दोन-चार अंश पसरतो, किंवा उपग्रह किंचित कललेला असतो. म्हणूनच चकाकी जितकी वर तितकी सहसा मंद. क्षितिज जितकं खाली मोकळं मिळेल तितका फायदा, हे त्यातून निघतं.

---

गिरणाथडी · २३ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

बरोबर. मी कोनाचा पसारा धरून आकडे दिले होते, तो लिहायचा राहिला. आभार.

---

सातपुडा_पायथा · २३ फेब्रुवारी, सकाळी १०:०५

मग जागेचा प्रश्न सरळ येतो. मेमध्ये वायव्येला बघायचं, आणि यावल, चोपडा, रावेर पट्ट्यात उत्तरेला सातपुडा उभा. पायथ्यापासून १५ किमीवर हजार मीटरचा डोंगर जवळजवळ ४ अंश झाकतो, ५ किमीवर ११ अंश. पायथ्याच्या गावांतून बघणं म्हणजे कामाचा अर्धा पट्टा सोडणं. तापीच्या दक्षिणेला या: जळगाव, धरणगाव, अमळनेरच्या बाजूची उघडी काळी शेतं. तिथून डोंगर दोन अंशांत बसतो. नाहीतर थेट वर, तोरणमाळला. सुमारे ११५० मीटर उंची, धूळ बरीचशी खाली राहते, पण वायव्येला झाडी नसलेला कडा दिवसाच शोधून ठेवा.

भुसावळ-दीपनगर बाजूला औष्णिक केंद्राचा उजेड आणि धूर असतो. त्याच्या पूर्वेला उभे राहिलात तर पश्चिमेकडचं क्षितिज गेलं. डिसेंबर-मार्चच्या निरीक्षणाला ते केंद्र पाठीमागे येईल असं उभं राहा.

केळीच्या बागांजवळ नको. रोजचं पाणी असल्याने रात्री ओल धरते, लेन्सवर दव लवकर बसतं, आणि बागांमध्ये बिबट्याचा वावर असतो. डोंगरकाठी एकट्याने जाऊ नये. कापूस निघालेलं मोकळं वावर, गावाबाहेरचं खळं किंवा धाब्याच्या घराचं छत हे चांगलं. मालकाला आधी सांगा. रात्रीची थ्री-फेज लाईट आली की लोक मोटार सुरू करायला निघतात, अनोळखी बॅटरी दिसली की स्वाभाविकच चौकशी होते. पायात बूट हवेत, मेमध्ये विंचू-साप बाहेर असतात.

---

नवखा_नंदुरबार · २३ फेब्रुवारी, दुपारी ४:३०

दिगंश मोजायला मोबाईलचं होकायंत्र चालतं का? प्रत्येक वेळी वेगळा आकडा दाखवतं.

---

पांझराकाठ · २३ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:१०

चालतं, पण लोखंडापासून लांब. गच्चीवरचे पत्रे, पाण्याच्या टाकीचा सांगाडा, मोटारसायकल, कॉलमच्या सळया, सगळे सुईला ओढतात. ३० अंशांची चूक सहज होते. खान्देशात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत नगण्य फरक आहे, ती दुरुस्ती करायची गरज नाही. चूक निघाली तर ती लोखंडाचीच. आणि ध्रुव असताना होकायंत्र कशाला? ध्रुवाची उंची तुमच्या अक्षांशाएवढी, दोन मुठींच्या किंचित वर. तिथून खाली ओळंबा सोडला की उत्तर. तिथून डावीकडे हाताच्या मुठी मोजत जा, एक मूठ १० अंश. साडेचार मुठी म्हणजे वायव्य.

---

लळिंग_लेन्स · २३ फेब्रुवारी, रात्री ९:३५

स्टारलिंकची कॅमेऱ्याची मांडणी भूस्थिरपेक्षा पूर्ण वेगळी:

३५ किंवा ५० मिमी, आडवी चौकट, खालच्या कडेला जमिनीची बारीक पट्टी राहू द्यावी. तिच्यामुळे उंची मोजता येते. एफ/२.८, आयएसओ १६००, ५ सेकंद, मध्ये १ सेकंद सोडून. ७० मिनिटांत ७०० फोटो. आधी कार्ड रिकामं करा, दुसरी बॅटरी खिशात ठेवा.

फोटो एकेक पाहिले तर छोट्या रेघा दिसतील, दोन्ही टोकांना निमुळत्या आणि मध्ये जाड. सगळे एकत्र रचल्यावर त्या रेघा एकाच तुकड्यात दाटलेल्या आणि दोन दिशांनी एकमेकींना छेदणाऱ्या दिसतात: काही उपग्रह उत्तरेकडे चढणारे, काही दक्षिणेकडे उतरणारे. हा छेदणारा पुंजका म्हणजे स्टारलिंकच्या चकाकीची सही. तो रात्रभर सूर्यासोबत क्षितिजावरून उजवीकडे सरकत जातो. विमानाच्या रेघेत ठिपक्यांची माळ असते, उल्का एकाच फोटोत संपते आणि पुन्हा त्या जागी येत नाही.

उन्हाळ्यात रात्री दहालाही हवा तापलेली असते, सेन्सरवर गरम ठिपके येतात. शेवटी लेन्सचं झाकण लावून त्याच सेटिंगवर १५ काळे फोटो काढा आणि वजा करा. नाहीतर रचलेल्या चित्रात गरम पिक्सेलच उपग्रह वाटतील.

---

अमळनेर_आभाळ · २४ फेब्रुवारी, रात्री ९:००

प्रत कशी ठरवायची? फोटोतल्या ताऱ्याशी रेघ ताडून पाहिली की आकडा फार मंद येतो.

---

बांधावरून · २४ फेब्रुवारी, रात्री ९:४०

येणारच. तारा पाच सेकंद जवळजवळ त्याच पिक्सेलवर प्रकाश ओततो, उपग्रह प्रत्येक पिक्सेलवर क्षणभर थांबतो. थेट तुलना करायची तर डोळ्याने करा. आपल्याकडे मोजपट्टी चांगली आहे: शुक्र उणे ४ च्या पुढे, गुरू उणे २ ते उणे २.९, व्याध उणे १.५, अगस्ती उणे ०.७, स्वाती आणि अभिजित शून्याच्या आसपास, श्रवण ०.८, चित्रा १, मघा १.४, ध्रुव २.

नियम दोन. तुलनेचा तारा चकाकीच्याच उंचीवरचा निवडा, म्हणजे धुळीचा परिणाम दोघांवर सारखा. आणि एका ताऱ्याशी नव्हे, दोघांशी ताडा: 'अभिजितपेक्षा मंद, श्रवणपेक्षा तेजस्वी, मधोमध' म्हणजे ०.४. कमाल तेजाचा क्षण आणि डोळ्याला दिसेनासं होण्याचा क्षण, दोन्ही घड्याळात नोंदवा.

---

पांझराकाठ · २५ फेब्रुवारी, सकाळी ८:००

गडगडणाऱ्यांबद्दल थोडं. ताबा सुटलेला उपग्रह किंवा रॉकेटचा टप्पा फिरतो तेव्हा त्याची बाजू ठरावीक काळाने कवडसा टाकते. एका लखलखीपासून पुढच्या लखलखीपर्यंत मोजू नका, बोटाच्या उशिराची चूक फार मोठी पडते. पहिल्या लखलखीला स्टॉपवॉच सुरू, ती शून्य धरा, दहावीला बंद, मग दहाने भागा. लखलखी आलटून पालटून तेजस्वी-मंद असतील तर बहुधा दोन बाजूंच्या, मग खरा आवर्तकाल दुप्पट. याच वस्तूचा काल महिन्यांनी पुन्हा मोजला तर तो बदललेला आढळू शकतो, आणि त्यासाठीच हे काम मोलाचं आहे. ८ एप्रिल २०१२ ला संपर्क तुटलेला युरोपचा एन्व्हिसॅट अजून वर आहे. मोठी वस्तू, सहज सापडते.

अंतराळ स्थानकाबद्दल वेगळं लिहायची गरज नाही, ते मुळातच उणे ३ च्या घरात असतं. फक्त कधी दोन-तीन सेकंद अचानक भडकतं ती सौर पंखांची चकाकी. ब्लूवॉकर-३ हा उपग्रह सप्टेंबर २०२२ मध्ये गेला, त्याची ६४ चौरस मीटरची अँटेना नोव्हेंबरात उघडली आणि तो ०.४ प्रतीपर्यंत चढलेला नोंदला गेला. एवढ्या मोठ्या सपाट अँटेनाचे उपग्रह पुढे वाढतील, म्हणून आत्ताच्या नोंदी जपा.

---

नवखा_नंदुरबार · २५ फेब्रुवारी, रात्री ८:२०

चकाकी दिसली आणि वेळ लिहिली. आता तो कोणता उपग्रह हे कसं काढायचं?

---

गिरणाथडी · २५ फेब्रुवारी, रात्री ९:५५

स्टेलॅरियममध्ये (आकाश दाखवणारं संगणकावरचं सॉफ्टवेअर) उपग्रहांचं प्लगइन आहे. त्यात स्टारलिंक आणि भूस्थिर हे गट सुरू करा. पहिल्यांदा बहुतेक गट बंद असतात, म्हणून 'काहीच दिसत नाही' असं होतं. कक्षेच्या ओळी, म्हणजे टीएलई, त्याच दिवसाच्या हव्यात. सेलेस्ट्रॅक या संकेतस्थळावर त्या रोज मिळतात. स्टारलिंक वारंवार इंजिन चालवून कक्षा बदलतात, आठवडाभर जुन्या ओळींनी भलत्याच उपग्रहाचं नाव निघतं.

ठिकाण अक्षांश-रेखांशाने भरा: जळगाव २१.०१, ७५.५६. धुळे २०.९०, ७४.७७. नंदुरबार २१.३७, ७४.२४. कालविभाग साडेपाच तास पुढे. हेवन्स-अबव्ह या संकेतस्थळावर ठिकाण न भरता पान उघडलं तर ते शून्य अक्षांश, शून्य रेखांश धरतं आणि सगळ्या वेळा चुकतात. सर्वात जास्त विचारला जाणारा 'उपग्रह आलाच नाही' हा प्रश्न बहुतेक वेळा इथेच सुटतो.

मग नोंदलेल्या वेळेच्या दोन मिनिटं आधीपासून पुढे सरकवत न्या, आणि दिशा, उंची आणि जाण्याची दिशा तिन्ही जुळणारा निवडा. फक्त जागा जुळली तर नाव लिहू नका. क्षितिजालगत एकाच अंशात चार स्टारलिंक असू शकतात. नाव ठरलं नाही तर 'अनिश्चित' लिहा, तीही पूर्ण नोंद आहे.

मोबाईलचं घड्याळ नेटवर्कच्या वेळेवर ठेवा. वहीत या क्रमाने: तारीख, भारतीय वेळ सेकंदासह, ठिकाण, दिगंश, उंची, कमाल प्रत आणि कोणत्या ताऱ्यांशी ताडली, किती वेळ दिसली, आकाशाची स्थिती (धूर, धूळ, चांदणं), नाव. मध्यरात्रीनंतरच्या नोंदीला पुढची तारीख. भूस्थिरमध्ये ही चूक दरवेळी होते, कारण निरीक्षण अकराला सुरू होऊन एकला संपतं. '११/१२ मार्चची रात्र' असं लिहिलं तर गोंधळ राहत नाही.

---

सातपुडा_पायथा · २६ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

८ ते १५ मार्च या आठ रात्रींसाठी एक सुचवतो. नंदुरबार, धुळे आणि जळगाव इथून एकाच वेळी ७४ पूर्वचा पुंजका बघायचा. भूस्थिरचा कवडसा इतक्या लांबून येतो की तो शेकडो किलोमीटर पसरलेला असतो, तिन्ही ठिकाणी एकाच मिनिटात दिसायला हवा. नंदुरबारचं अक्षांश जळगावपेक्षा जेमतेम एक तृतीयांश अंश उत्तरेला, तारखेतही फरक पडणार नाही. तिघांची वेळ जुळली तर ओळख पक्की. एकालाच दिसला आणि इतरांना नाही, तर तो खालच्या कक्षेतला गडगडणारा धरायचा.

---

लळिंग_लेन्स · २६ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

धुळ्याहून दोन कॅमेरे लावतो, एक ८५ मिमी ७४ पूर्वसाठी, दुसरा ५० मिमी ८३ साठी. सगळ्यांनी ३० सेकंदांचा फोटो पूर्ण मिनिटाला आणि अर्ध्या मिनिटाला सुरू करावा, म्हणजे तिन्ही गावांचे फोटो ओळीने जुळवता येतील. कॅमेऱ्याचं घड्याळ त्याच संध्याकाळी मोबाईलशी जुळवा, आणि शेवटी मोबाईलच्या सेकंद दाखवणाऱ्या घड्याळाचा एक फोटो काढून ठेवा. कॅमेऱ्याचं घड्याळ किती पुढे-मागे होतं ते त्यावरून वजा करता येतं.